दारामागच्या सह्या

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरातल्या एखाद्या ड्रॉवरमध्ये रबरबँड आणि कुठल्या कुलपाच्या ते न आठवणाऱ्या चाव्या साठत जातात ना, तसे ते साठतात. एचआरमध्ये बसणाऱ्या बाईकडे तर जरा जास्तच. लोक आम्हाला खरं कधी सांगत नाहीत, पण खोटं सांगताना काय रंगतात म्हणता!

मी मेधा. मूळची पुण्याची, गेली चौदा वर्षं अजमानला. रोज सकाळी सहाला गाडी काढायची आणि ट्रॅफिकला शिव्या देत दुबई सिलिकॉन ओएसिसमधलं ऑफिस गाठायचं, हा माझा व्यायाम. आमची कंपनी इमारतींना साफसफाईची माणसं पुरवते. कंपनीचं नाव सांगत नाही, पगार तिथूनच येतो. माणसांचे व्हिसा, मेडिकल, रजा, पगार, रडारड, सगळं माझ्या टेबलावर.

यंदाचे माझे सगळे किस्से एकाच ईमेलमधून निघाले आहेत. त्यातले काही हसत सांगते. बाकीचे कसे सांगायचे ते मला अजून नीट जमलेलं नाही.

* * *

तर ईमेल. आमच्या ऑफिससमोर एक सात मजली टॉवर आहे, एका परदेशी कंपनीचा. ते आमचे क्लायंट. तिथे आमची नऊ माणसं सफाईला होती, प्रत्येकी नऊशे दिरहमवर. नऊशे म्हणजे आपले एकवीस हजार. राहायला कंपनीचा कॅम्प, एका खोलीत नऊ बंक, जायला-यायला बस.

डिसेंबरात क्लायंटच्या हेड ऑफिसचं पत्र आलं, की एक जानेवारीपासून आमच्या इमारतीत काम करणाऱ्या कुणालाही, तो कुठल्याही कंपनीचा असो, महिना पंधराशे दिरहमपेक्षा कमी पगार चालणार नाही. बँकेचा पुरावा पाठवा, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट रद्द. आपल्याकडे सरकार किमान वेतन ठरवतं तसं इथे आमच्या माणसांना काही नाही. त्यामुळे त्या सात मजल्यांपुरता हा कायदाच झाला म्हणायचा. पंधराशे! म्हणजे पस्तीस हजार!

मी खुर्चीतून उठलेच. पगारवाढीच्या तीन नोट्स मी स्वतः पाठवल्या होत्या आणि तिन्ही गडप झाल्या होत्या. प्रिंट काढून धावत जीएमच्या केबिनमध्ये गेले. भाटियासाहेबांनी पत्र शेवटपासून वाचायला घेतलं. अनुभवी माणूस! शेवटची ओळ होती, ‘कॉन्ट्रॅक्टच्या रकमेत बदल होणार नाही.’

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "मेधा, खुशखबर तो है. अब ये बताओ, इस खुशखबर का बिल किसके नाम काटूँ?"

* * *

बातमी कॅम्पवर माझ्याआधी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरवकाका माझ्या टेबलासमोर उभे. दत्ताराम गुरव, रत्नागिरीकडचे, वय त्रेपन्न, त्या टॉवरवर अकरा वर्षं. हातात स्टीलचा डबा. कॅम्पच्या खोलीत, एका शेगडीवर, रात्रपाळीची माणसं झोपलेली असताना त्यांनी खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. सगळ्या ऑफिसला दोन-दोन वाटल्या. भाटियासाहेबांनी चार खाल्ल्या.

चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे, आजूबाजूला कुणी नसलं की ताई. त्या दिवशी कुणी नव्हतं.

"ताई, मनीषाला फोन केला लगेच. नर्सिंगचं दीड वर्ष ऱ्हायलंय तिचं. रोज चार तास एसटीत जातात, मग अभ्यास कधी करणार पोर? म्हटलं, आता हॉस्टेलला नाव घाल. पैशाची फिकीर करू नको, बापाचा पगार वाढला."

"अहो काका, अजून हातात तर पडू दे," मी म्हटलं.

"पत्र आलंय ना? लिवलेलं हाय ना?"

लिहिलेलं होतं. मीच त्यांना वाचून दाखवलं. शेवटची ओळ सोडून.

* * *

पंधराशेचा पहिला फटका बसला सुपरवायझर शाजीला. शाजी केरळचा, नऊ जणांवर देखरेख करायचा, पगार सोळाशे.

तो तणतणत आला. "मॅडम, क्लीनर को पंद्रह सौ, मेरे को सोलह सौ! सौ दिरहम के लिए मैं नौ आदमी का और सात मंज़िल का गाली खाता हूँ? मेरे को भी क्लीनर बना दो. अप्लिकेशन लाया हूँ."

खरोखर लेखी अर्ज होता! आयुष्यात पहिल्यांदा मी डिमोशनचा अर्ज पाहिला. साहेबांकडे नेला. साहेब म्हणाले, बरोबर आहे त्याचं, माणसाचा मान राखला पाहिजे. आणि त्यांनी शाजीला ‘सीनियर सुपरवायझर’ केलं. पगार तोच. व्हिजिटिंग कार्ड मात्र नवीन, उठावदार अक्षरांचं.

आठवड्याने शाजी कार्डांचा गठ्ठा घेऊन परत आला. "मॅडम, ये वापस ले लो. मेसवाले ने पढ़ लिया. बोलता है, सीनियर का खाना पचास दिरहम ज़्यादा!"

मेसवाल्याने नंतर सगळ्यांचाच रेट वाढवला. पगार अजून कुणाच्याच खात्यात पडलेला नव्हता.

* * *

जानेवारीत आमच्या अजमानच्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं, सुप्रियाच्या घरी. मी पंधराशेची बातमी जरा मिरवतच सांगितली. सगळ्या हळहळल्या आणि मग खूश झाल्या. "नऊशेत माणूस जगतो तरी कसा गं?" "कायदाच करायला हवा!" "सगळ्या कंपन्यांना लावा म्हणावं!" मला अगदी भाषण करून आल्यासारखं वाटलं.

सुप्रियाची पार्टटाइम कामवाली आत कप विसळत होती. कुणीतरी सहज विचारलं, "हिला तासाला किती देतेस?"

"पंचवीस."

"पंचवीस? अगं, आपल्या बिल्डिंगमध्ये वीस चालतो. तू रेट बिघडवू नकोस हं!"

मग चर्चा वाणाच्या डब्यांकडे वळली. मी अठरा देत होते. तिळगूळ तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत बसले.

* * *

आता पुढचं सांगते.

भाटियासाहेबांनी मला बोलावून कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. "नौ आदमी, नौ सौ. कितना?"

"एक्याऐंशीशे."

"उसमें पंद्रह सौ वाले कितने आएँगे?"

"पाच," मी म्हटलं. "आणि थोडे उरतील."

"मैं दिल का बड़ा हूँ," साहेब म्हणाले. "छह रखो."

राहिले तीन. त्यांच्यासाठी अल ऐनच्या एका साइटवर जागा होती, जुन्या नऊशेवर. नको असेल तर तिकीट काढून घरी. सात मजले मात्र सातच राहणार होते. नावं शुक्रवारपर्यंत हवी होती.

शाजी म्हणाला, जे म्हातारे आहेत ते काढा. साहेब म्हणाले, जे जास्त बोलतात ते काढा. मी म्हटलं, असं नाही चालणार, काहीतरी न्यायाची पद्धत हवी. आम्हा पुणेकरांना दुसऱ्याचं वाईट करायचं असलं तरी ते नियमात बसवून करायची खोड असते.

आणि मला पद्धत सुचली! टॉवरच्या प्रत्येक वॉशरूमच्या दारामागे एक तक्ता चिकटवलेला असतो. तुम्हीही मॉलमध्ये पाहिला असेल. वेळ, नाव, सही. ज्याने त्या तासाला सफाई केली त्याने सही करायची. भरलेले तक्ते शाजी दर आठवड्याला काढून खोक्यात टाकतो. म्हटलं, वा! ज्याच्या सह्या जास्त त्याचं काम जास्त. वशिला नाही, वय नाही, जात नाही, देश नाही.

दोन दिवस दार लावून मी तीन महिन्यांचे तक्ते मोजले. एक्सेल केलं, रंग दिले. सगळ्यात खाली नाव आलं डी. गुरव. मला धक्काच बसला. पुन्हा मोजलं. तेवढंच. सगळ्यात नवा पोरगेलासा नेपाळी तिलक, जो सहा महिन्यांपूर्वी मॉप उलटा धरायचा, तो वरून तिसरा! आणि अकरा वर्षांचे गुरवकाका नववे.

एकदा वाटलं, शाजीला विचारावं. पण मग वाटलं, गुरव मराठी, मी मराठी. आपला माणूस म्हणून वाचवला असं कुणी म्हणायला नको. हा माझा ताठा. मी यादी सही करून पाठवून दिली.

* * *

त्याच संध्याकाळी घरी आले तर ईशान डायनिंग टेबलवर पसरला होता. माझा मुलगा, बारावीत आहे, इकॉनॉमिक्स घेतलंय. आमच्या घरी मी मराठीत विचारते आणि तो इंग्लिशमध्ये उत्तर देतो, दोघांचंही अडत नाही.

आलेख काढत होता. उभ्या रेघेवर पगार, आडव्या रेघेवर कामगार, फुलीसारख्या दोन रेघा आणि वर एक सरळ रेघ. त्यावर लिहिलेलं, मिनिमम वेज. मी पर्स तशीच खांद्यावर ठेवून बघत राहिले. वरच्या रेघेवर मधे एक मोकळा तुकडा होता, त्याला त्याने लाल केलं होतं.

"हे काय रे?"

"सरप्लस. मोर वर्कर्स दॅन जॉब्स."

"म्हणजे कोण?"

"व्हॉट डू यू मीन, कोण? इट्स अ गॅप, मॉम."

मी बोटाने चौकोन मोजले. तीन भरले. योगायोगच, आलेखाचा कागद काय कुणालाही तीन चौकोन देईल. पण मला तिथे उभं राहवेना.

"सर सेज राइट बोथ साइड्स," तो मागून म्हणाला. "फॉर अँड अगेन्स्ट."

"लिही," मी म्हटलं. "दोन्ही बाजू खऱ्याच आहेत. सहा जण एका बाजूला नि तीन दुसऱ्या."

"व्हिच सिक्स?" त्याने विचारलं. मी भात लावायला गेले.

* * *

गुरवकाकांना सांगायचं काम माझंच होतं. बाकीच्या दोघांना आधी सांगितलं. एक रडला, दुसरा म्हणाला, मला घरीच पाठवा. गुरवकाका शांत ऐकत होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

मी तक्ता दाखवला. म्हटलं, "काका, मी कुणाचं ऐकून केलेलं नाही. सह्या मोजल्या. तुमच्या सगळ्यात कमी आहेत."

त्यांनी एक्सेल नीट पाहिलं. आपल्या नावावर बोट ठेवलं, मग तिलकच्या. थोडं हसल्यासारखं केलं.

"बरोबर हाय मॅडम. कमीच असतील."

आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी मॅडम म्हणाले. ते मला लागलं. काहीतरी धीर द्यायचा म्हणून मी बोलून गेले, "हे कायमचं नाही. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी होईल. ज्याच्या सह्या जास्त तो या टॉवरवर." बाकीच्या सहा जणांनाही तेच सांगितलं. साहेबांना विचारलं होतं म्हणजे काय, ते फोनवर असताना दारातून विचारलं होतं. त्यांनी मान हलवून "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हटलं होतं. इथे चौदा वर्षं काढल्यावर त्या शब्दाचं वजन मला कळायला हवं होतं.

जाताना काका म्हणाले, "मनीषाचे हॉस्टेलचे पैसे भरून झाले पहिल्या सहामाहीचे. उसने घेतले. तिला यातलं काय कळवू नका हां, कधी फोन आला तर."

अल ऐनची व्हॅन सकाळी निघाली. त्यांचा बंक खोलीत तसाच रिकामा राहिला.

* * *

पुढचं शाजीने सांगितलं, चार दिवसांनी, चहा पिताना. मी म्हटलं, "काहीही म्हण, पण गुरवकाका कामाला सुस्तावले होते. सह्याच नाहीत."

शाजीने कप खाली ठेवला. "मॅडम, आपने साइन गिना?"

"मग काय गिनायचं होतं?"

"मॅडम, गुरव चाचा अपना नाम कभी लिखता ही नहीं था! कोई बीमार है, कोई नमाज़ को गया, नया आदमी है, हाथ धीरे चलता है, शीट का खाना खाली रह गया तो वॉर्निंग लेटर मिलेगा ना? चाचा जा के साफ़ करता था और उसका नाम लिख देता था. बोलता था, मेरे को ग्यारह साल हो गया, मेरे को कौन पूछेगा."

मी तशीच उठून साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, वाईटही वाटलं त्यांना, खोटं कशाला बोलू. पण म्हणाले, "लिस्ट क्लायंट को गई, गेट पास बन गए. खलास. और देखो, दूसरे का नाम लिखना तो वैसे भी फ़्रॉड है."

* * *

उरलेल्या सहांचं भलं झालं, हेही सांगायला हवं. पंधराशे खात्यात पडले त्या दिवशी तिलक मोबाइलमधला मेसेज मला दाखवायला आला. पुढच्या महिन्यात त्याच्या आईच्या घरावर पत्रे चढले, त्याचा फोटोही दाखवला. कायदा वाईट असता तर मला किती सोपं गेलं असतं!

फक्त सहा जण नऊ जणांचं काम करत होते. लंचला दहा मिनिटं. तिलक खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचा, हातमोजे घातलेलेच असायचे.

आणि मार्चमध्ये एक फोन आला, साताऱ्याकडचा माणूस.

"मॅडम, तुमच्या टॉवरवर ती पंधराशेवाली जागा हाय का शिल्लक?"

"नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"एजंटनं. नऊशेवाल्या साइटला सत्तर हजार घेतो, पंधराशेवालीला दीड लाख."

"अहो, एक पैसा देऊ नका! जागाच नाहीये."

मग म्हणाला, "दिले मॅडम. म्हणून तर इचारतोय."

* * *

गुरवकाकांना मी अधूनमधून फोन करायचे. अपराधी वाटायचं म्हणून, उगाच चांगुलपणा चिकटवून घेत नाही. ते अल ऐनला एका शाळेची साफसफाई करायचे आणि पहाटे चारला उठून लोकांच्या गाड्या पुसायचे. ते नियमात बसत नाही, मला माहीत आहे. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही, मागे बादलीचा आवाज यायचा.

"मनीषा कशी आहे?"

"मजेत. हॉस्टेलच्या खोलीचा फोटो पाठवला. खिडकी हाय. मी म्हटलं, अभ्यास कर, बापाचं ओव्हरटाइम जोरात हाय."

"आणि पुढच्या सहामाहीचं?"

"जूनमध्ये भरायचं. बघू. ताई, ती पुन्हा मोजणी कधी हाय म्हणालात?"

मी म्हटलं, मेच्या पहिल्या आठवड्यात. ती मोजणी माझ्या तोंडापलीकडे कुठेच अस्तित्वात नव्हती, हे सांगायचं धाडस झालं नाही. फोन ठेवला आणि मुकाट्याने कॅलेंडरवर तारीख लिहिली. आता ती मला घ्यावीच लागणार होती.

* * *

त्याच सुमाराला ते सहा जण एकत्र ऑफिसात आले. हातात एक अर्ज, तिलकने हिंदीत लिहिलेला. ‘हम छह लोग अपनी मर्ज़ी से एक हज़ार दिरहम में काम करने को तैयार हैं. कृपा करके हमारे तीन आदमी वापस भेज दो.’ खाली सहा सह्या.

मी कॅल्क्युलेटर घेतला. सहा गुणिले पंधराशे, नऊ हजार. नऊ गुणिले हजार, नऊ हजार. साहेबांचा एक दिरहमसुद्धा जास्त जात नव्हता! नऊशेच्या जुन्या पगारावर प्रत्येकाला शंभर जास्तच मिळत होते. एमबीए केलेल्या आम्हा दोघांना, मला नि साहेबांना, जे दोन महिन्यांत सुचलं नव्हतं, ते यांनी बंकवर बसून काढलं होतं.

साहेब म्हणाले, मला चालेल, क्लायंटला विचारा. क्लायंटकडून हे सगळं बघणारी हेलन नावाची बाई आहे, मनाने खरंच चांगली. तिचं उत्तर दोन तासांत आलं. तुमच्या लोकांची एकजूट पाहून आम्ही भारावलो, पण पंधराशेच्या खाली कुणालाही काम करू देता येणार नाही. त्यांच्याच संरक्षणासाठी हा नियम आहे.

मी सहा जणांना अर्थ सांगितला. शाजी मागे उभा होता. त्याने विचारलं, "प्रोटेक्शन? किससे, मॅडम?"

"तुमच्यापासून," मी म्हटलं.

तिलकने अर्ज परत मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि जाता जाता विचारलं, "मॅडम, वो साइन वाली गिनती तो होगी ना?"

"होगी," मी म्हटलं.

* * *

मेचा पहिला आठवडा. हेलन तिमाही भेटीला आमच्या ऑफिसात आली होती. सहा जणांत सात मजले स्वच्छ कसे राहतात, याचं तिला मोठं कौतुक. मी मोजणीचं सांगितल्यावर तर ती खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसली. "ओह, आय लव्ह डेटा!"

शाजीने खोकं आणून टेबलावर ठेवलं आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

मी पहिला तक्ता काढला. सातवा मजला. आठ वाजता, डी. गुरव. नऊ वाजता, डी. गुरव. दहा, अकरा, बारा, डी. गुरव. मला वाटलं, चुकून जुना कागद आला. तारीख पाहिली, एप्रिलची. दुसरा काढला. तिसरा मजला, डी. गुरव, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. फेब्रुवारीचे काढले, मार्चचे काढले. खोकं अर्धं झालं तरी दुसरं नाव नाही.

हस्ताक्षरं मात्र सहा होती. पगाराच्या पावत्यांवर मी ती दर महिन्याला पाहिली आहेत. डावीकडे झुकलेलं तिलकचं. एकाचं उभं, दाबून लिहिलेलं, कागदाच्या पाठीला उमटणारं. एकाचं लहान मुलासारखं, एकेक अक्षर सुटं.

एक्सेल उघडलेलं होतं. मी आकडे भरले. गुरवकाकांसमोर तीन महिन्यांच्या सगळ्या सह्या. बाकी सहा नावांसमोर शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. ज्याच्या सह्या कमी तो टॉवरवरून जाणार, हा नियम मीच त्यांना सांगितला होता, आणि त्यांना तो तोंडपाठ होता.

हेलन स्क्रीनकडे बघत होती. तिला नावं माहीत नव्हती, आकडे दिसत होते. "वेट. वन मॅन डिड ऑल धिस? आय हॅव टु मीट हिम. प्लीज!"

मी काही बोलायच्या आत तिने शाजीला सांगून टॉवरवरून सगळ्यांना बोलावून घेतलं. सहाजण निळ्या युनिफॉर्ममध्ये येऊन ओळीत उभे राहिले. हातमोजे काढायलाही वेळ मिळाला नव्हता. हेलन उठली, हसली आणि हात पुढे केला.

"व्हिच वन ऑफ यू इज मिस्टर गुरव?"

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मग तिलक एक पाऊल पुढे आला.

"ऑन ड्यूटी, मॅडम."